विष्णुपंत पागनीस : बोलपटाला सापडलेला भजनाचा आवाज

मराठी बोलपटाच्या पहिल्या दशकात रंगभूमीवरून अनेक गायक-नट पडद्यावर आले. त्यांतील बहुतेकांची नावे आज त्यांच्या नाटकांमुळे स्मरणात आहेत. विष्णुपंत पागनीस (१८९२-१९४३) हे त्याला ठळक अपवाद होत. त्यांच्या रंगभूमीवरील कामाचा आज फारसा उल्लेख होत नाही, परंतु १९३६ साली त्यांनी साकारलेले तुकाराम मराठी माणसाच्या मनात कायमचे वसले. गाणारा नट ही संस्था बोलपटात कशी रुजली आणि पुढे कशी अस्तंगत झाली, हे समजून घेण्यासाठी त्यांची कारकीर्द उद्बोधक ठरते.

बालनट ते भजनगायक

पागनीसांचा जन्म चिकोडीचा. आज कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात असलेला हा भाग त्या काळी कोल्हापूरच्या नाट्यजगताशी निकटचा संबंध राखून होता. लहान वयातच ते कोल्हापूरच्या स्वदेश हितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. गोड गळा आणि नाजूक चेहरा या गुणांवर त्यांच्या वाट्याला स्त्रीभूमिका आल्या. स्त्रियांनी रंगभूमीवर येणे शिष्टसंमत नसलेल्या त्या काळात गाणाऱ्या मुलांना नाटक मंडळ्यांत मोठा मान होता. मात्र या मुलांचे भवितव्य गळ्यावर अवलंबून असे. वयात येताना आवाज फुटला, की अनेकांना दुसरा मार्ग शोधावा लागे.

पुढे रंगभूमीपासून दूर झाल्यावर पागनीस मुंबईत स्थिरावले. संगीताचे शिक्षण देणे आणि भजन गाणे हा त्यांचा जीवनक्रम झाला. टाळ, मृदंग आणि वीणा यांच्या साथीने अभंग गाणारे भजनगायक म्हणून त्यांना लौकिक मिळाला. चित्रपटाच्या दृष्टीने ही वर्षे वाया गेल्यासारखी दिसतात. प्रत्यक्षात याच वर्षांनी त्यांना पुढील यशासाठी घडवले.

मायक्रोफोनची कसोटी

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात 'आलम आरा' झळकला आणि हिंदुस्थानी चित्रपट बोलू लागला. पुढल्याच वर्षी प्रभात फिल्म कंपनीने 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आणला. हरिश्चंद्राची भूमिका आणि संगीत या दोन्ही बाजू गोविंदराव टेंबे यांनी सांभाळल्या होत्या. नामवंत हार्मोनियमवादक आणि गंधर्व नाटक मंडळीच्या संस्थापकांपैकी एक असलेले टेंबे या माध्यमात आले, ते संगीत नाटकाचे सारे संस्कार घेऊनच.

त्या काळी पार्श्वगायनाची सोय नव्हती. नटाने कॅमेऱ्यासमोर गायचे आणि वादकांनी कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर बसून साथ करायची, अशी पद्धत होती. चित्रण आणि ध्वनिमुद्रण एकाच वेळी होई. एक स्वर ढळला वा एक शब्द अडखळला, तर सारे दृश्य पुन्हा घ्यावे लागे. त्यामुळे ज्याला गाता येते तोच नायक, हा निर्मात्यांचा पहिला निकष बनला आणि त्यांची नजर साहजिकच नाटक मंडळ्यांकडे वळली.

परंतु नाटकाचा गळा आणि बोलपटाचा गळा यांत अंतर होते. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत पोहोचणारा खडा आवाज, 'वन्समोअर' घेणारी तान आणि पद रंगवताना प्रेक्षकांकडे वळण्याची सवय ही रंगभूमीची बलस्थाने होती. जवळ आलेल्या मायक्रोफोनला आणि त्याहून जवळ आलेल्या कॅमेऱ्याला ती जड वाटू लागली. दीनानाथ मंगेशकरांनी बलवंत पिक्चर्सच्या वतीने १९३४ मध्ये 'कृष्णार्जुन युद्ध' काढला. त्याला यश लाभले नाही. १९३५ मध्ये व्ही. शांताराम यांनी 'धर्मात्मा'मध्ये बालगंधर्वांना संत एकनाथांच्या भूमिकेत आणले. स्त्रीभूमिकांनी महाराष्ट्राला वेड लावणारा हा कलावंत पुरुषवेषात प्रेक्षकांना तितकासा रुचला नाही आणि प्रभातशी असलेले त्यांचे सहकार्य त्या एका चित्रपटावरच थांबले. रंगभूमीचे दोन थोर गायक पडद्यावर अशा रीतीने अडखळले, हे त्या काळातील बोलपटसृष्टीला विचार करायला लावणारे होते.

'संत तुकाराम'

या पार्श्वभूमीवर विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल यांनी 'संत तुकाराम' हाती घेतला. या जोडीने एकत्र दिग्दर्शित केलेला हा पहिला बोलपट. दामले प्रभातच्या ध्वनिविभागाचे, तर फत्तेलाल कलाविभागाचे जाणकार होते. पटकथा शिवराम वाशीकरांची आणि संगीत केशवराव भोळे यांचे होते. तुकारामांसाठी पागनीसांची निवड झाली तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. एकेकाळी स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाला ही भूमिका पेलेल का, याविषयी प्रभातमध्येही शंका होती. पडद्यावर मात्र त्यांच्या हालचालींतील मार्दव हेच तुकारामांच्या निरागसतेचे रूप ठरले.

चित्रपटाच्या आरंभीच गायनाच्या दोन परंपरा समोरासमोर येतात. तुकाराम विठ्ठलासमोर डोळे मिटून अभंग गातात. त्यांचाच अभंग चोरणारा सालोमालो तो स्वतःच्या नावावर खपवतो, तेव्हा त्याच्या गाण्यात नाटकी नखरा येतो. पहिले गाणे देवासाठी असते, दुसरे श्रोत्यांसाठी. पागनीसांच्या गायनात तानांची आतषबाजी नाही. शब्द स्पष्ट, स्वर सौम्य आणि लय पावलांच्या चालीशी जुळलेली आहे. संगीत नाटकाने शिकवलेले सूर त्यांच्याजवळ होतेच. ते श्रोत्यांवर न फेकता मनाशी गुणगुणावेत, हे त्यांना भजनाने शिकवले होते आणि मायक्रोफोनला नेमके तेच हवे होते.

या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेले एक पद अभंगाच्या वळणाशी इतके एकरूप झाले, की अनेकांना ते तुकाराम महाराजांचेच वाटले. पदाच्या या यशात गाणाऱ्याचाही वाटा होता. गौरी यांनी साकारलेली रोखठोक जिजाई समोर असल्याने तुकारामांची भक्ती कोठेही बेगडी वाटत नाही.

१२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात प्रदर्शित झालेला 'संत तुकाराम' तेथे ५७ आठवडे चालला. १९३७ च्या व्हेनिस चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. तुकारामांच्या वेषातील पागनीसांचे छायाचित्र पुढे अनेक घरांत संताचे चित्र म्हणून लावले गेले. ते एका नटाचे छायाचित्र आहे, याचा पाहणाऱ्यांना विसर पडला.

संतभूमिकांचे वर्तुळ

या यशाची किंमतही होती. त्यानंतर पागनीसांकडे प्रामुख्याने संत-भक्तांच्याच भूमिका आल्या. रणजित मूव्हीटोनच्या 'संत तुलसीदास'मध्ये (१९३९) ते तुलसीदास झाले. प्रकाश पिक्चर्सच्या विजय भट्ट दिग्दर्शित 'नरसी भगत'मध्ये (१९४०) त्यांनी नरसी मेहता साकारले. १९४३ मध्ये 'भक्तराज' आणि 'महात्मा विदुर' हे चित्रपट आले. भाषा बदलली, पोशाख बदलला, तरी प्रेक्षक त्यांच्यात तुकारामांनाच शोधत राहिले. १९४३ मध्येच, वयाच्या अवघ्या पन्नाशीत, पागनीसांचे निधन झाले.

तोवर गाणाऱ्या नटाचे युगही ओसरू लागले होते. न्यू थिएटर्सने १९३५ मध्ये पार्श्वगायनाचा प्रयोग केला आणि काही वर्षांत तो सर्वत्र रूढ झाला. चेहरा एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा, ही सोय निर्मात्यांना मानवली. कुंदनलाल सैगल, सुरेंद्र, नूरजहाँ, सुरैया यांच्यासारखे गायक-कलावंत आपल्या लोकप्रियतेच्या बळावर टिकून राहिले, पण नव्या नटाला गाता आलेच पाहिजे, ही अट उरली नाही. ज्या दीनानाथांना पडद्याने साथ दिली नाही, त्यांच्या कन्या लता आणि आशा याच या नव्या पद्धतीच्या सर्वांत मोठ्या आवाज ठराव्यात, हा काळाचा न्याय म्हणावा लागेल.

प्रभातच्या पुण्यातील जागेत १९६० पासून चित्रपटविद्येची संस्था आहे आणि 'संत तुकाराम' आजही अभ्यासकांकडून आणि रसिकांकडून आवर्जून पाहिला जातो. पार्श्वगायनाच्या काळात संतांवर पुष्कळ चित्रपट निघाले आणि त्यांतली गाणी थोर गायकांनी गायिली. पागनीसांच्या तुकारामात मात्र गाणारे ओठ, मिटलेले डोळे आणि कानावर पडणारा स्वर एकाच माणसाचे आहेत. त्या भूमिकेची सत्यता याच एकपणात आहे.