आगीत कोसळलेल्या जवानाला बाहेर ओढणारा पट्टा: ही वस्तू करते काय?

गेवराई किंवा माजलगावच्या जिनिंगमध्ये कापसाला आग लागली की नगरपरिषदेचा बंब येतो, कधी शेजारच्या तालुक्याचा, कधी साखर कारखान्याचा. आत शिरलेला जवानच धुरात कोसळला तर त्याला कोण आणि कसं बाहेर काढतं?

पूर्ण पोशाख, हेल्मेट आणि पाठीवरचा हवेचा सिलिंडर मिळून अंगावर २० किलोहून जास्त ओझं असतं. म्हणजे ७५ किलोचा माणूस शंभरीच्या जवळ जातो. तो बेशुद्ध असेल तर धरायचं कुठं, हाच पहिला प्रश्न. ओल्या कोटावर हातमोजे घसरतात. हात धरून ओढलं तर बाही निसटते. उभं राहून उचलावं तर वर धूर आणि उष्णता. त्यामुळे जमिनीलगत राहून, डोक्याच्या दिशेनं, अंगाच्या सरळ रेषेत ओढणं हाच मार्ग उरतो. त्यासाठी लागते एक मूठ. पट्टा ती मूठ पुरवतो.

दोन प्रकार

पहिला कोटातच बसवलेला असतो. केव्हलारसारख्या उष्णता सोसणाऱ्या धाग्याची ही पट्टी अस्तराच्या आतून दोन्ही खांद्यांभोवती फिरते आणि कॉलरमागे एका झाकणाखाली तिची कडी असते. झाकण उघडून कडी ओढली की पट्टी काखांभोवती आवळते.

दुसरा खिशात घडी करून ठेवायचा. साधारण सहा मीटरची पट्टी, टोकं जोडून केलेलं मोठं कडं. ते छातीवरून, दोन्ही काखांखालून मागे न्यायचं, एक टोक दुसऱ्यातून ओवायचं आणि डोक्यामागून ओढायचं. गाठ आपोआप घट्ट होते. स्वस्त पट्ट्या नायलॉनच्या असतात. नायलॉन २२० अंशांच्या पुढे वितळू लागतं, हे विकत घेताना बघावं.

विहिरीत पडलेल्या माणसाला काखेखालून दोर बांधून वर काढलेलं आपल्याकडे अनेकांनी पाहिलंय. तत्त्व जवळचं आहे, पण कोटातला पट्टा आडवा ओढण्यासाठीच असतो. त्यावर माणूस टांगायचा नाही.

हा पट्टा कोटात आला कसा?

मार्च २००१ मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात सुपरमार्केटच्या आगीत ब्रेट टार्व्हर हा जवान आत अडकला. त्याची हवा संपली आणि सहकाऱ्यांना त्याला वेळेत बाहेर आणता आलं नाही. नंतर तिथल्या अग्निशमन दलानं सराव करून मोजमाप केलं. एका जवानाला बाहेर काढायला १२ जण आणि सुमारे २१ मिनिटं लागत होती. वर, वाचवायला गेलेल्या पाचांतला एक स्वतःच अडचणीत येत होता. अर्ध्या तासाचा म्हणवला जाणारा सिलिंडर जोराच्या कामात अनेकदा वीस मिनिटंही पुरत नाही, हे लक्षात घेतलं की २१ या आकड्याचा अर्थ कळतो. अमेरिकेच्या एनएफपीए १९७१ या मानकानं २००७ च्या आवृत्तीपासून कोटात पट्टा सक्तीचा केला.

युरोपच्या ईएन ४६९ मानकात तो सक्तीचा नाही. त्या मानकाचा कोट मागवताना पट्टा हवा असेल तर निविदेत वेगळं लिहावं लागतं. माझ्या मते लहान नगरपरिषदांनी ही एक ओळ लिहायलाच हवी, कारण एका बंबावर येणारी माणसं साधारण सहा. बारा जण आणायचे कुठून?

पट्टा कुठं हरतो?

९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीला आग लागली आणि जुनी इमारत कोसळली. मुख्य अधिकारी सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई हे चार अधिकारी त्यात गेले. नेसरीकर आणि अमीन यांचा मृत्यू नंतर उपचारादरम्यान झाला. पट्टा असता तर ते वाचले असते, असं म्हणणं चूक ठरेल. ढिगाऱ्यापुढे पट्टा काही करू शकत नाही.

तो कामी येतो ते माणूस सापडल्यावर. म्हणून हालचाल थांबली की साधारण अर्ध्या मिनिटात वाजणारा अंगावरचा अलार्म आणि दाराबाहेर तयार उभी असलेली दुसरी जोडी, या दोन गोष्टी त्याच्या आधी येतात.

आणखी एक साधी भानगड म्हणजे धुलाई. कोट धुताना पट्टी काढतात आणि ती पुन्हा ओवायची राहून जाते. झाकण जागच्या जागी दिसतं, आत काहीच नसतं. ड्युटी सुरू होताना कडी एकदा ओढून बघायला दहा सेकंद लागतात.