रक्तवाहिनी विकार : कारणमीमांसा व प्रतिबंध यांचा इतिहास

रोहिणी, नीला व केशवाहिन्या यांच्या भित्तीत किंवा पोकळीत होणाऱ्या विकृतींना रक्तवाहिनी विकार म्हणतात. त्यांपैकी रोहिणी-विलेपी विकार सर्वांत व्यापक असून हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व पायाचा कोथ (ऊतकाचा मृत्यू) यांचे ते एक प्रमुख कारण आहे. या विकारात मोठ्या व मध्यम आकाराच्या रोहिणींच्या अंतःस्तरात कोलेस्टेरॉलयुक्त वसा, तंतुमय ऊतक व कालांतराने कॅल्शियमाची लवणे साचून विलेप तयार होतात. त्यामुळे पोकळी अरुंद होते. विलेप फाटल्यास तेथे रक्ताची गुठळी होऊन प्रवाह अकस्मात थांबतो. हा वार्धक्याचा अटळ परिणाम होय, अशी समजूत दीर्घकाल रूढ होती. ती मागे पडल्यानंतरच प्रतिबंधाचा विचार शक्य झाला.

हा विकार केवळ आधुनिक काळातील नाही. मार्क आर्मां रूफर यांनी १९११ मध्ये ईजिप्तमधील ममींच्या रोहिणींत त्याच्या खुणा आढळल्याचे प्रसिद्ध केले. विल्यम हार्वी यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचे स्वरूप स्पष्ट केल्यावर रक्तवाहिन्यांच्या विकृतींकडे शास्त्रीय दृष्टीने पाहता येऊ लागले. विल्यम हेबर्डन यांनी १७६८ मध्ये श्रमाने उद्भवणाऱ्या व विश्रांतीने थांबणाऱ्या छातीतील वेदनेचे अचूक वर्णन केले. परंतु तिचा संबंध हृद्‌रोहिणींशी (हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरविणाऱ्या रोहिणींशी) त्यांनी जोडला नव्हता. एकोणिसाव्या शतकात कार्ल रोकिटान्स्की (१८०४–७८) यांनी रक्तातील द्रव्यांचा थर भित्तीवर बसतो असे मत मांडले, तर रूडोल्फ फिरखो (१८२१–१९०२) यांनी भित्तीतील दाहयुक्त सूज हे मूळ मानले. दोन्ही मतांत तथ्यांश असल्याचे पुढील संशोधनाने दाखविले.

आहाराचा संबंध प्रथम प्रयोगाने सिद्ध झाला. न्यिकली अनिचकॉव्ह (१८८५–१९६४) यांनी सेंट पीटर्झबर्ग येथे सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळविलेले शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घातले आणि त्यांच्या रोहिणींत विलेप निर्माण होतात, हे १९१३ मध्ये दाखवून दिले. तथापि ससा शाकाहारी असल्याने, तसेच उंदीर व कुत्रे यांत तसा परिणाम सहजासहजी न दिसल्याने, हा निष्कर्ष मानवास लागू करण्यास अनेक शास्त्रज्ञ तयार नव्हते. तंबाखूविषयीचा पुरावा वेगळ्या वाटेने आला. लीओ बर्गर यांनी १९०८ मध्ये हातापायांच्या लहान व मध्यम रक्तवाहिन्या बंद पाडणाऱ्या विकाराचे सविस्तर वर्णन केले. तो प्रामुख्याने धूम्रपान करणाऱ्या तरुण पुरुषांत आढळतो. भारतात बिडी ओढणाऱ्या श्रमिकांत तो विशेष दिसतो. तंबाखू पूर्णपणे सोडल्यास त्याची प्रगती बहुधा थांबते. न सोडल्यास पुष्कळदा बोटे किंवा पाय कापावा लागतो.

विसाव्या शतकाच्या मध्यास दृष्टिकोन पालटला. कोरियातील युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या हृदयांची तपासणी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचे सरासरी वय सुमारे २२ वर्षे असूनही तीन-चतुर्थांशांहून अधिक जणांच्या हृद्‌रोहिणींत विकृती दिसून आली. विकाराचा प्रारंभ तारुण्यातच होतो व लक्षणे कित्येक दशकांनी प्रकट होतात, हे त्यावरून उघड झाले. त्याच वर्षी जेरी मॉरिस यांनी लंडनमधील बसगाड्यांच्या बैठे काम करणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांत हृद्‌रोहिणी विकार कमी असल्याचे दाखविले.

अमेरिकेतील फ्रेमिंगॅम या गावी १९४८ मध्ये ५,२०९ स्त्रीपुरुषांचे दीर्घकालीन निरीक्षण सुरू झाले. रक्तदाबाधिक्य, रक्तातील कोलेस्टेरॉलाचे आधिक्य, धूम्रपान व मधुमेह यांमुळे विकाराचा संभव वाढतो, हे त्यातून क्रमाने स्पष्ट झाले. तोपर्यंत वाढलेला रक्तदाब ही अरुंद रोहिणींतून रक्त पुढे ढकलण्यासाठी शरीराने केलेली आवश्यक योजना आहे, असे अनेक वैद्य मानीत. औषधांनी तो उतरविल्यास पक्षाघात टळतात, हे १९६७ व १९७० मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांवरील चाचण्यांनी सिद्ध केले. मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टाइन यांनी पेशी रक्तातील कोलेस्टेरॉल कसे काढून घेतात, याचा उलगडा केला. त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जपानमध्ये आकिरा एंडो यांनी बुरशीपासून मिळविलेल्या द्रव्यातून स्टॅटिन औषधांचा उगम झाला. स्कँडिनेव्हियातील ४,४४४ रुग्णांवरील चाचणीत (१९९४) अशा औषधाने एकूण मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले.

औषधांपलीकडील सामुदायिक प्रतिबंधाचे ठळक उदाहरण फिनलंडमधील नॉर्थ करेलिया प्रांताचे आहे. तेथील पुरुषांत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण जगात अत्युच्च गणले जाई. १९७२ पासून लोणी व मीठ यांचा वापर कमी करणे, भाज्याफळे वाढविणे, तंबाखू सोडविणे व रक्तदाब नियंत्रित करणे यांसाठी गावोगावी, दुग्धव्यावसायिकांसह, प्रयत्न झाले. सुमारे चाळीस वर्षांत कार्यक्षम वयातील पुरुषांचे हे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. लोकांची आनुवंशिकता तीच राहूनही हे घडले, यात या प्रयोगाचे महत्त्व आहे.

भारताच्या दृष्टीने हा इतिहास उद्‌बोधक आहे. ५२ देशांतील रुग्णांच्या अभ्यासावरून (२००४) टाळता येण्याजोगी नऊ कारणे बहुतेक झटक्यांमागे असल्याचे दिसले. दक्षिण आशियात पहिला झटका तुलनेने कमी वयात येतो, हेही पुढील विश्लेषणातून आढळले. पुण्याजवळील खेड्यांत १९९३ पासून झालेल्या अभ्यासात नवजात बालके वजनाने कमी असली, तरी त्यांच्या शरीरात वसेचे प्रमाण त्या मानाने अधिक असते, असे आढळले; मधुमेहाच्या व पर्यायाने रक्तवाहिनी विकारांच्या संभवाचे बीज गर्भावस्थेतच असू शकते, असे त्यावरून मानले जाते. भारतात तंबाखूवर २००३ च्या अधिनियमाने निर्बंध आले व २०२२ पासून खाद्यतेले आणि वनस्पती तूप यांतील ट्रान्स वसेची मर्यादा दोन टक्के झाली. लक्षणे उद्‌भवण्यापूर्वीच, किंबहुना मातेच्या पोषणापासून, प्रतिबंधास आरंभ करावा लागतो, हे या संशोधनाचे सार होय.