शब्दवेध : रेस्टॉरंट

‘रेस्टॉरंट’ हे मुळात जागेचे नव्हे, पदार्थाचे नाव. फ्रेंच ‘रेस्तोरे’ म्हणजे पुन्हा उभारी देणे. त्याचे मूळ लॅटिन ‘रेस्ताउरारे’. ‘रेस्तोराँ’ म्हणजे उभारी देणारे. सोळाव्या शतकापासून शक्तिवर्धक अन्नाला, आणि पुढे विशेषतः मांस मंद आचेवर आटवून काढलेल्या अर्काला, हा शब्द लावत. आजाऱ्याला द्यायच्या पेजेशी त्याचे नाते जवळचे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये असा अर्क विकणारी दुकाने निघाली आणि पदार्थाचे नाव जागेला चिकटले. खाणावळीत ठरल्या वेळी, सामाईक मेजावर, समोर येईल ते जेवावे लागे; इथे स्वतंत्र मेज, हवी ती वेळ आणि पदार्थांची निवड मिळाली.

गंमत अशी, की शेतातून थेट ताटात येणाऱ्या अन्नाची आधुनिक चळवळ पुन्हा ठरलेल्या जेवणाकडे वळली. ॲलिस वॉटर्स यांनी 1971 मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे ‘शे पानिस’ सुरू केले. तिथे त्या दिवसाचा एकच बेत असे. तो भोवतालच्या शेतांत काय तयार आहे यावर ठरे. निवडून खायची सोय 1980 मध्ये वरच्या मजल्यावरील कॅफेत झाली.

नावातला ‘शे’ लॅटिन ‘कासा’पासून, म्हणजे झोपडी किंवा घर यापासून आला. मराठीत त्याला नेमका प्रत्यय आहे : ‘मावशीकडे जेवायला जातो’ मधला ‘कडे’. पानिस हे मार्सेल पान्योल यांच्या नाटक-चित्रपटांतील पात्र. म्हणून ‘शे पानिस’ म्हणजे सरळ ‘पानिसकडे’.