गोकाकचा गेंडा

गोकाकला आपण जातो ते धबधबा पाहायला आणि परतताना करदंटाचा पुडा घ्यायला. इतिहास म्हटला की फार तर सौंदत्तीच्या रट्टांपर्यंत मागे जातो. शिलालेखाच्या पलीकडे आपण सहसा डोकावत नाही. आज मात्र मला त्याच्याही फार मागे जायचे आहे, आणि तेही गोकाकच्याच मातीत.

रॉबर्ट ब्रूस फूट हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले अधिकारी. १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरम येथे त्यांना दगडी कुऱ्हाड सापडली आणि आपल्या देशातल्या आदिमानवाच्या अभ्यासाला सुरुवात झाली. पुढे ते आपल्या भागात आले. त्यांनी या मुलखावर लिहिलेल्या, १८७६ साली छापलेल्या ग्रंथाच्या नावातच 'दक्षिण मराठा प्रदेश' आहे. (त्या नावावरून आज कोणी वाद काढू नये. तेव्हाच्या सरकारी कागदांत ते होते, इतकेच.) या फिरतीत गोकाकजवळ चिकदौली येथे, नदीच्या जुन्या गाळात, त्यांना गेंड्याची हाडे मिळाली. कवटीचे भाग होते, जबड्याचे होते. १८७४ साली त्यांनी या प्राण्याचे वर्णन छापले आणि त्याला नाव दिले 'ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस', म्हणजे दख्खनचा गेंडा. नुसत्या गाववार टिपणात विसरली गेली असती अशी हाडे या नावामुळे शास्त्राच्या पोथीत टिकली.

आता जरा विचार करा. गेंडा काही कोरड्या माळावर राहणारा प्राणी नव्हे. रोज मणभर गवत-पाला खाणारे हे धूड. त्याला उंच गवत हवे, लोळायला चिखल हवा, बारमाही पाणी हवे. गोकाकचा भाग तर पर्जन्यछायेतला, जोंधळ्याचा. मग गेंडा इथे कसा? उत्तर घटप्रभेत आहे, असे मला वाटते. नदी उगम पावते सह्याद्रीत आणि वाहते कमी पावसाच्या मुलखातून. पश्चिमेचा पाऊस ती पूर्वेला आणते. तिच्या काठची गवताची पट्टी एवढ्या मोठ्या जनावराला पुरली असावी.

तो एकटाही नव्हता. १९०५ साली गाय पिल्ग्रिम यांनी गोदावरीकाठच्या नांदूर मध्यमेश्वर येथे सापडलेल्या प्रचंड हत्तीची नोंद केली. हा 'नमॅडिकस' हत्ती, म्हणजे नर्मदेचा. फाल्कनर आणि कॉटली यांनी १८४६ साली त्याला ते नाव दिले. खांद्यापाशी तो चार मीटरांहून उंच भरे. इंदूरच्या आपल्या मंडळींच्या नर्मदेतले हे जनावर नाशिककडच्या गोदावरीतही होते! नर्मदेच्या गाळात तर हत्तीबरोबर पाणघोडेही सापडतात आणि माणसाची दगडी हत्यारेही. म्हणजे हे सारे आपल्या पूर्वजांच्या डोळ्यांसमोरचे.

हत्तीची ती जात संपली, पाणघोडे गेले. गेंडा मात्र लवकर हटला नाही. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या दायमाबाद येथे १९७४ साली सापडलेल्या ताम्रमूर्तींत रथ, म्हैस, हत्ती आणि चौथा गेंडाच आहे. ज्याने तो घडवला त्याने किंवा त्याच्या गुरूने गेंडा पाहिला असणार. ऐकीव माहितीवर असे अंग घडत नाही. पुढे नदीकाठची गवताळ जमीन नांगराखाली गेली, आणि दख्खनमधून गेंडाही गेला. दोष द्यायचा तर तो आपल्याच शेतकरी पूर्वजांना द्यावा लागेल, आणि त्यांचेच पिकवलेले तर आपण खात आलो.

ज्या गाळात ही हाडे टिकली तो गाळ आज वाळूसाठी आणि विटांसाठी उपसला जातो आहे. तेव्हा आपल्यापैकी कोणाच्या मळ्यात विहीर खणताना, ओढ्याची दरड कोसळताना दगडासारखे जड हाड निघाले, तर ते बांधावर भिरकावू नका. जुने अभ्यासक एक साधी परीक्षा करीत: ओल्या जिभेला हाड टेकवायचे. अश्मीभूत होत आलेले असेल तर ते जिभेला चिकटते. चिकटले तर कुठे आणि किती खोल मिळाले ते लिहून ठेवा, आणि मगच जागेवरून हलवा.