शरणपूरचे आफ्रिकी विद्यार्थी

गोदावरी नाशिकावरून पुढें येऊन आमच्या बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेनें वाहत जाते. तिच्या तीरावरील इतिहासाचा विचार निघाला, म्हणजे नाशिकचीं लेणीं, पैठणचे सातवाहन किंवा गेवराई तालुक्यांतील राक्षसभुवनची १७६३ ची लढाई यांचें स्मरण आम्हांस प्रथम होतें. परंतु याच नदीच्या कांठीं एकोणिसाव्या शतकांत आफ्रिकेंतील कांहीं मुलें वाढलीं, येथें अक्षरें गिरवून परत आफ्रिकेंत गेलीं, आणि तेथील खेड्यांत त्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें, ही गोष्ट आमच्याकडे फारशी कोणाच्या ध्यानांत नाहीं. पूर्व आफ्रिकेंतील ख्रिस्ती मिशनचा वृत्तांत क्राफ, रेबमान, लिव्हिंग्स्टन, हॅनिंग्टन अशा यूरोपीय नांवांभोंवती रचलेला आढळतो. त्या कार्यांत नाशिकच्या विद्यार्थ्यांचा भाग केवढा होता, हें दाखवावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आफ्रिकेंतील मनुष्य दक्षिणेस नवा नव्हे. गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. १६१० त त्यानें वसविलेली खडकी हेंच पुढें औरंगाबाद झालें. जंजिऱ्याचे सिद्दी तर सर्वश्रुतच आहेत. पण हे लोक या देशांतच रुजले. शरणपूरच्या मुलांची कथा याहून निराळी आहे, कारण त्यांच्यापैकीं पुष्कळ परत गेलीं.

इंग्लंडांतील चर्च मिशनरी सोसायटीचें नाशिक येथील काम १८३२ पासूनचें. त्या सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनीं १८५४ त शहराच्या पश्चिमेस ख्रिस्ती लोकांची एक वसाहत वसविली व तिला शरणपूर हें नांव दिलें. त्या काळीं हिंदी महासागरांत गुलामांनीं भरलेलीं अरबी गलबतें इंग्रजी आरमार पकडीत असे. त्यांवरून सोडविलेल्या माणसांपैकीं कित्येकांस मुंबईस उतरवीत, आणि त्यांतील मुलें सरकार मिशनऱ्यांच्या हवालीं करी. अशा मुलांसाठीं शरणपुरास आफ्रिकी आश्रम निघाला. तेथें त्यांस लिहिणें-वाचणें, ख्रिस्ती धर्म, तसेंच सुतारकी, लोहारकी यांसारखे धंदे शिकवीत.

या मुलांचीं नांवें हेंच आमच्या मतें त्यांच्या स्थितीचें पहिलें साधन होय. रिचर्ड आयसेनबर्ग, सायमन प्राइस, केरस फरार, जेम्स डाइमलर, जेकब वेनराइट: यांत आफ्रिकेचा गंधही नाहीं. फरार, प्राइस, आयसेनबर्ग, डाइमलर हीं या प्रांतांत काम केलेल्या मिशनऱ्यांचीं आडनांवें होत. ज्यांची बेडी तुटली, त्यांची भाषा, कुळ आणि नांव हींही त्याबरोबर सुटलीं. आश्रय मिळाला हें खरें; पण त्या आश्रयाची किंमतही पडली, हें इतिहासकारानें दृष्टिआड करूं नये.

परत जाण्यास १८६४ त आरंभ झाला. मोंबासाजवळच्या रबई प्रदेशांत क्राफ व रेबमान यांनीं १८४६ त ठाणें घातलें होतें. पण क्राफ निघून गेल्यावर रेबमान बहुतेक एकाकी पडले होते. त्यांच्या साहाय्यास विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर हे शरणपूरचे दोघे तरुण आपल्या स्त्रियांसह गेले. जॉर्ज डेव्हिड हा तिसरा शरणपूरकरही त्याच ठाण्यांत काम करूं लागला. पुढील सर्व हकीकतीचें बीज या लहानशा मंडळींत आहे.

नाशिकच्या मुलांचें नांव जगापुढें आलें तें मात्र लिव्हिंग्स्टनमुळें. १८६६ च्या शेवटच्या प्रवासास निघतांना त्यांनीं शरणपूरचीं नऊ मुलें बरोबर घेतलीं. मुंबईस डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेंत ठेविलेले चूमा व विकटानी हेही त्यांत मिळाले. लिव्हिंग्स्टन यांच्या रोजनिशींत नाशिकच्या मुलांविषयीं आळसाच्या तक्रारी पुष्कळ आहेत. कांहीं मुलें वाटेंत मेलीं, कांहीं सोडून गेलीं. पण त्याच रोजनिशींत दुसरीही एक नोंद आहे. एका नाशिककर मुलास वाटेंत त्याचा एक वडील आप्त भेटला. त्याची आई व बहिणी त्याच्यामागें विकल्या गेल्या, असें त्यास त्या वेळीं कळलें. आप्तानें राहण्याचा आग्रह केला, तो त्यानें मानला नाहीं. जेथें आई नाहीं तो देश स्वदेश कसा? आळसाच्या तक्रारी वाचतांना ही नोंदही शेजारीं ठेवली पाहिजे.

१८७२ त स्टॅन्लेनें किनाऱ्यावरून पाठविलेल्या माणसांत जेकब वेनराइट, केरस फरार, मॅथ्यू वेलिंग्टन आदि नाशिकचे आणखी विद्यार्थी होते. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभीं चितांबोच्या गांवीं लिव्हिंग्स्टन वारले. त्यांचें काळीज तेथेंच एका झाडाखालीं पुरलें. त्या वेळची ख्रिस्ती प्रार्थना वेनराइट यानें म्हटली, मृताच्या सामानाची यादी त्यानेंच केली, आणि झाडाच्या खोडावर नांव व तिथि त्यानेंच कोरली. कोरलेली तिथि ४ मे अशी होती. मृत्युदिन सामान्यतः १ मे धरितात. शिलालेखांच्या अभ्यासकांस असा भेद नवीन नाहीं. येथें महत्त्व आहे तें इतकेंच कीं, त्या मृत्यूचा जो समकालीन लेख झाडावर उमटला, तो गोदातीरीं शिकलेल्या हाताचा होय. खोडाचा तो भाग पुढें १८९९ त कापून लंडनच्या भूगोल मंडळाकडे नेण्यांत आला.

सूसी व चूमा यांच्या नेतृत्वाखालीं या लोकांनीं मृतदेह मिठानें व उन्हानें सुकवून हजारांहून अधिक मैल चालत नेला आणि १८७४ च्या फेब्रुवारींत बागामोयो बंदरीं आणून दिला. वेनराइट पुढें शवाबरोबर विलायतेस गेला, व १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबींत झालेल्या अंत्यविधींत शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत तो होता. या मानाचा त्याला पुढें फारसा उपयोग झाला नाहीं. १८९२ त उरांबो येथें तो वारला. वेलिंग्टन मात्र मोंबासास १९३५ पर्यंत हयात होता.

याच सुमारास राजकारण पालटलें. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या १८७३ च्या वकिलातीनंतर झांजिबारच्या सुलतानानें तह करून गुलामांचा उघडा बाजार बंद केला. नव्यानें मुक्त होणाऱ्यांसाठीं वसाहत हवी होती, आणि तिचा नमुना शरणपूरचाच होता. प्राइस स्वतः १८७४ त तिकडे गेले, व मोंबासासमोर फ्रिअरटाउन हें गांव १८७५ त वसलें. या देशांतून सुमारें दीडशें आफ्रिकी तेथें नेले. शरणपूरचा आश्रम बंद पडला. तेथें या लोकांस ‘बाँबे आफ्रिकन’ म्हणत. शाळा, सुतारशाळा, प्रार्थना, दुभाष्याचें काम हीं सर्व त्यांजकडे आलीं. पण किनाऱ्यावरचे लोक त्यांस परके समजत आणि यूरोपीय मिशनरी त्यांस बरोबरीचा दर्जा देण्यास कचरत. यावरून खटके उडाले.

अशाही स्थितींत विल्यम जोन्स यांचें काम उठून दिसतें. १८८५ च्या मे महिन्यांत बिशप हॅनिंग्टन यांनीं जोन्स व सेमलर यांस डीकनपदाची दीक्षा दिली, आणि त्याच वर्षीं जोन्स यांस घेऊन ते युगांडाकडे निघाले. मुख्य तांडा जोन्स यांच्या हवालीं मागें ठेवून बिशप पुढें गेले व २९ ऑक्टोबर रोजीं बुसोगांत मारले गेले. तांडा सांवरून परत आणण्याची जबाबदारी जोन्स यांनीं पार पाडली. १८८६ च्या फेब्रुवारींत ते रबईस पोहोंचले.

तथापि आमच्या मतें त्यांचें खरें काम रबईच्या खेड्यांतच आहे. किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळालेले गुलाम रबईस येऊन लपत. त्यांस ठेवून घेणें कायद्यास धरून नव्हतें. इंग्रज अधिकारी त्याबद्दल मिशनास ताकीद देत आणि धनी हल्ल्याची धमकी घालीत. जोन्स यांच्या देखरेखीखालीं हे लोक येथें झोंपड्या बांधून शेती करीत राहिले. १८८८ च्या अखेरीस प्रकरण हातघाईवर आलें. तेव्हां ब्रिटिश पूर्व आफ्रिका कंपनीचे मॅकेन्झी यांनीं धन्यांस भरपाई देऊन १ जानेवारी १८८९ रोजीं मिशनच्या आश्रयास असलेल्या चौदाशेंहून अधिक लोकांस मुक्ततेचे दाखले दिले. त्या प्रदेशांत गुलामगिरीची कायदेशीर मान्यता १९०७ त रद्द झाली, हें लक्षांत घेतां या दाखल्यांचें मोल कळून येईल.

अमरकोशांत ‘शरण’ शब्दाचे दोन अर्थ दिले आहेत: घर आणि रक्षणकर्ता. शरणपूर या नांवांत प्राइस यांस पहिला अर्थ बहुधा अभिप्रेत असावा. जोन्स यांच्या आयुष्यांत मात्र दोन्ही अर्थ क्रमानें आले. ज्यास बाळपणीं परक्या देशांत घर मिळालें, तोच पुढें आपल्यासारख्या शेंकडोंचा रक्षणकर्ता झाला. त्यांचा धर्म आमचा नव्हे, आणि मिशनच्या सर्व हेतूंशीं आम्ही सहमत आहों असेंही नाहीं. पण रबईस जें घडलें त्यास थोरपण देण्यास धर्मभेद आड येण्याचें कारण नाहीं.

नाशिकास शरणपूर हें नांव अद्याप चालू आहे, आणि मोंबासास फ्रिअरटाउनची घंटा अद्याप उभी आहे. सोसायटीचीं दप्तरें बर्मिंगहॅमच्या विद्यापीठांत, तर मुंबई सरकारचे जुने कागद मुंबईच्या पुराभिलेखागारांत आहेत. या कागदांवर आजवर बहुतेक काम इंग्रजींत व आफ्रिकेच्या इतिहासासाठीं झालें. हीं मुलें ज्या मुलुखांत वाढलीं, त्या मुलुखाच्या भाषेंतही त्यांचें चरित्र लिहिलें गेलें पाहिजे. आमच्या तरुण संशोधकांनीं नाशिकपासून आरंभ करावा, अशी त्यांस आमची विनंती आहे.