विंडोजमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सुविधा : कोणत्या अडचणीला कोणतं बटण?

कमी दिसणं, हात थरथरणं, एका कानाने ऐकू न येणं अशा अडचणी असल्या तरी कॉम्प्युटर वापरता यावा, यासाठीच्या सोयी विंडोजमध्ये आधीपासूनच असतात. त्यांचे वेगळे पैसे नाहीत. विंडोज 11 मध्ये त्यांना अ‍ॅक्सेसिबिलिटी म्हणतात, विंडोज 10 मध्ये त्याच ईझ ऑफ अ‍ॅक्सेस या नावाखाली सापडतात. गोची अशी, की ज्याला गरज आहे त्यालाच त्या सेटिंगपर्यंत पोहोचता येत नाही. स्क्रीनच दिसत नसेल तर मेनू कसा शोधणार? म्हणून आज आपण कीबोर्डवरून चालू होणाऱ्या सोयी बघूया.

मी भोईवाड्यात राहतो. इथून जवळच, दादर पूर्वेला, अ‍ॅना मिलर्ड यांनी 1900 साली सुरू केलेली अंधांची शाळा आज श्रीमती कमला मेहता यांच्या नावाने चालते. पण ज्यांची नजर पन्नाशीनंतर जाते किंवा ज्यांना लकवा होतो, ते काही शाळेत जात नाहीत. त्यांना घरातलंच कोणीतरी शिकवतं. हा लेख त्या 'कोणीतरी'साठी.

सगळ्यात आधी

विंडोज की आणि यू एकत्र दाबा, सगळ्या सोयींचं पान उघडतं. पासवर्ड टाकायच्या स्क्रीनवरही उजव्या कोपऱ्यात खाली त्याचं चिन्ह असतं, म्हणजे लॉगिन करण्यापूर्वीही मदत मिळते.

नजर कमी झाली असेल तर

विंडोज की आणि अधिकचं चिन्ह दाबलं की मॅग्निफायर चालू होतो, विंडोज की आणि एस्केपने बंद. पण भिंगातून सतत स्क्रीन सरकवत राहायचा कंटाळा येतो. फक्त अक्षरं बारीक वाटत असतील तर टेक्स्ट साइझ वाढवा, ती 225 टक्क्यांपर्यंत जाते. माउसचा बाण सापडत नसेल तर तोही मोठा आणि रंगीत करता येतो.

अजिबात दिसत नसेल तर

कंट्रोल, विंडोज की आणि एंटर दाबलं की नॅरेटर स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवतो. बंद करायलाही हेच. मात्र आवाज इंग्रजीचा निवडलेला असेल तर देवनागरी नीट वाचली जात नाही. मराठीसाठी एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर घ्या आणि त्यात ई-स्पीकचा मराठी आवाज निवडा. आवाज यंत्रासारखा वाटतो, पण दोन-चार दिवसांत कानाला सवय होते.

इथे एक गोष्ट आपल्या हातात आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली मराठी आपल्याला छान दिसते, स्क्रीन रीडरला मात्र ती इंग्रजी अक्षरांची खिचडी वाटते. स्कॅन केलेल्या परिपत्रकाचंही तसंच, तो नुसता फोटो असतो. म्हणून सोसायटीची नोटीस असो की ऑफिसचं पत्र, युनिकोडमध्येच टाइप करा.

एकच हात चालत असेल तर

शिफ्ट पाच वेळा दाबा आणि विचारलं की 'येस' म्हणा. ही स्टिकी कीज. आता कंट्रोल दाबून सोडा, मग सी दाबा, कॉपी झालं. दोन बटणं एकदम धरायची गरज नाही. ही सोय विंडोज 95 पासून आहे.

आमच्या शेजारचे एक काका हिशेबाचं काम करतात. लकव्याने उजवा हात गेला तेव्हा काम सोडायच्या बेतात होते. स्टिकी कीज चालू करून दिली, तरी ती सारखी बंद पडायची. कारण घरातल्या दुसऱ्या कोणी नेहमीसारखी दोन बटणं एकत्र दाबली की ती आपोआप बंद होते. सेटिंगमधला तो पर्याय काढून टाकला आणि प्रश्न मिटला. माउसऐवजी माउस कीज लावल्या : नंबर पॅडच्या आकड्यांनी बाण हलतो आणि 5 ने क्लिक होतं. त्यांचा शॉर्टकट तीन बटणांचा आहे, एका हाताला अवघड, म्हणून त्या सेटिंगमधूनच चालू केल्या. नंबर पॅड उजवीकडे असतो, तेव्हा कीबोर्ड जरा डावीकडे सरकवून ठेवला. काका आजही काम करतात, आपल्या वेगाने.

हात थरथरत असेल तर

उजवीकडची शिफ्ट आठ सेकंद दाबून धरा. फिल्टर कीज चालू झाल्या की चुकून पुन्हा पुन्हा दाबली गेलेली अक्षरं गाळता येतात. टायपिंगच नको असेल तर विंडोज की आणि एच दाबून बोला. कीबोर्डची भाषा मराठी ठेवली तर मराठीही उमटते. त्याला इंटरनेट लागतं.

एका कानाने ऐकू येत नसेल तर

अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये ऑडिओत जाऊन मोनो ऑडिओ चालू करा. हेडफोनच्या दोन्ही बाजूंना सारखाच आवाज येतो, अर्धं बोलणं निसटत नाही.

एवढं नक्की करा

गेम खेळताना मध्येच येते म्हणून मुलं स्टिकी कीजचा शॉर्टकट बंद करून टाकतात. घरात कोणाला गरज असेल तर तो चालू आहे ना, हे बघून घ्या. आणि लागणारे दोन-तीन शॉर्टकट मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून मॉनिटरच्या बाजूला चिकटवा. दिसतच नसेल त्याच्याकडून ते हाताने दहा वेळा करून घ्या. तुम्ही कामावर गेल्यावर त्यांना कोणाला हाक मारावी लागू नये, यासाठीच तर हे सगळं.