केडगावचे मुक्तिसदन : एका स्वतंत्र मिशनची वाटचाल

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात काम करणाऱ्या बहुतेक ख्रिस्ती मिशनांची सूत्रे परदेशात होती. मिशनरी, पैसा आणि धोरण ही तिन्ही अमेरिकेतील वा स्कॉटलंडमधील मंडळांकडून येत. पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव या लहानशा गावी मात्र एक निराळी संस्था उभी राहिली. तिची संस्थापक हिंदुस्थानातील एक विधवा स्त्री होती आणि ती कोणत्याही चर्चमंडळाची पगारी सेविका नव्हती. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई आणि ती संस्था म्हणजे मुक्तिसदन. या संस्थेने आपले स्वातंत्र्य कसे मिळवले आणि त्याची किंमत कशी मोजली, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली कर्नाटकातील पश्चिम घाटात, गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले, म्हणून त्यांना स्वजनांचा रोष पत्करावा लागला. पुढे हे कुटुंब तीर्थाटन करीत, पुराणे सांगत देशभर फिरले. मराठी ही रमाबाईंनी आईवडिलांच्या बोलण्यातून आणि मराठी पुस्तके-वर्तमानपत्रे वाचून आत्मसात केलेली भाषा होती. महाराष्ट्राबाहेर राहून घरात मराठी जपणाऱ्या आपणा सर्वांना हा तपशील जवळचा वाटेल. दुष्काळाच्या त्या वर्षांत आईवडील आणि बहीण गेली. उरलेली दोघे भावंडे पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली आणि तेथील विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी झालेला त्यांचा विवाह अल्पकाळच टिकला. १८८२ मध्ये पतीचे निधन झाले आणि कन्या मनोरमेसह त्या पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु चर्चच्या अधिकाराविषयीचे त्यांचे प्रश्न तेथेच संपले नाहीत. धर्मभगिनी जेराल्डाइन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार आज उपलब्ध आहे. आपल्या विवेकाला पटल्याशिवाय पंथाची सूत्रे स्वीकारणार नाही, अशी त्यांची भूमिका त्यात स्पष्ट दिसते. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे काही बिशपांचे मत पडले. रमाबाईंनी तो सल्ला मुकाट्याने मानला नाही. मुक्तिसदनाच्या स्वतंत्र बाण्याचे मूळ या वादात आहे.

अमेरिकेत त्यांच्या कार्याला आधार मिळाला. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली व तिने दहा वर्षे साहाय्य देण्याचे ठरविले. विधवांच्या या शाळेत धर्मोपदेश केला जाणार नाही, मुलींना आपापला धर्म पाळण्याची मोकळीक राहील, ही अट होती. त्याप्रमाणे ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात हलले. शारदा सदनाची पहिली विद्यार्थिनी गोदूबाई ही बालविधवा होती. पुढे १८९३ मध्ये तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हा शारदा सदनाचा अनुभव त्यांच्या घरातच होता.

मात्र त्याच १८९३ साली पुण्यात वादळ उठले. रमाबाई सकाळी प्रार्थना करीत तेव्हा त्यांच्या खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली आपण होऊन तेथे बसत. मी कोणाला बोलावत नाही आणि कोणाला हाकलतही नाही, असे रमाबाईंचे म्हणणे होते. उलट 'केसरी'सारख्या पत्रांनी हा विश्वासभंग ठरवला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या स्नेह्यांनीही सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. या वादाकडे आज पाहताना दोन्ही बाजू समजून घ्याव्यात. आपल्या श्रद्धेला कडी लावून बसणे रमाबाईंना अप्रामाणिकपणाचे वाटत होते. पण जिच्या आधारावर जगायचे तिचा प्रभाव लहान मुलींवर पडणारच, ही पालकांची भीतीही निराधार नव्हती. या प्रसंगाने रमाबाईंचा सुधारकांचा आधार कायमचा तुटला.

१८९६ चा दुष्काळ हा पुढचा टप्पा. मध्य प्रांतात जाऊन रमाबाईंनी शेकडो मुली व बायका वाचवून आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध लागू झाल्याने त्यांची व्यवस्था केडगाव येथील शेतजमिनीवर करावी लागली. मुक्तिसदन येथे आकारास आले. ते उघडपणे ख्रिस्ती होते. ही गोष्ट आता झाकून ठेवण्याचे कारण उरले नव्हते. १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर रमाबाईंनी जाहीर पत्र लिहिले. ते प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले आणि गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप नाकारले. ख्रिस्ती झाल्याने ही बाई सरकारची झाली, असे म्हणणाऱ्यांना हे पत्र हेच उत्तर होते.

१९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या. वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या या मुलींनी केडगावी एकच संसार मांडला. शेती, विणकाम, शिवण, तेलघाणा, दुग्धव्यवसाय आणि छपाई ही कामे बायकाच करीत. अंध स्त्रियांसाठी बार्तीमी सदन, तर समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन होते. ठरावीक अनुदान देणारे मंडळ पाठीशी नसल्यामुळे देणग्या, प्रार्थना आणि स्वतःचे श्रम यांवरच सारी भिस्त होती. १९०५ मधील येथील धर्मजागृतीची वार्ता मिनी अब्राम्स यांच्या पुस्तिकेद्वारे थेट चिलीपर्यंत पोहोचली.

तथापि मराठी भाषेच्या दृष्टीने सर्वांत मोठे काम म्हणजे बायबलचे भाषांतर. प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातल्या बाईला कळत नाही, हे रमाबाईंनी पाहिले होते. म्हणून उतारवयात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि सुमारे दोन दशके सोप्या मराठीत भाषांतर केले. संस्कृतच्या पंडितेने भाषेतील संस्कृतचा भार हेतुपुरस्सर उतरवावा, हे लक्षणीय आहे. खिळे जुळवणाऱ्या आणि पाने छापणाऱ्या बायकांपैकी कित्येकींना संस्थेत येण्यापूर्वी अक्षरओळखही नव्हती. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचा अंत झाला. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

ज्या कन्येकडे वारसा जायचा तीच आधी गेल्याने संस्था टिकेल की नाही, अशी शंका घेतली जात होती. संस्था टिकली, केडगाव येथे तिचे कार्य आजही चालू आहे. रमाबाईंच्या धर्मश्रद्धेशी सहमत असण्याची गरज नाही. पण सुधारक, सरकार आणि चर्च या तिघांचाही रोष ओढवून घेऊन एका स्त्रीने निराधार मुलींच्या हाती पुस्तक आणि हुन्नर दिला, ही गोष्ट शिक्षणाच्या इतिहासात नोंदवलीच पाहिजे. साठ वर्षे लोकवर्गणीवर आणि शिक्षकांच्या निष्ठेवर परप्रांतात मराठी शाळा चालवणाऱ्यांना तिचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.